साथ ओसरल्यानंतर : सूरजागडच्या स्मरणशिळा व जनांचें मनःस्वास्थ्य

इतिहाससंशोधकांच्या हातीं रोगराईविषयींचे जे कागद लागतात ते बहुधा आंकड्यांचे असतात. किती घरें ओस पडलीं, किती माणसें गेलीं, सारा किती सोडावा लागला, एवढें त्यांवरून समजतें. पण जीं माणसें मागें राहिलीं त्यांचें मन पुन्हां संसारांत केव्हां व कोणत्या उपायानें लागलें, हें जाणावयाचें झाल्यास दप्तरांत हात घालून फारसें कांहीं मिळत नाहीं. इ. स. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीनें आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं हा प्रश्न आणून ठेविला. साथीच्या पहिल्या वर्षांतच चिंता व विषण्णता या विकारांचें प्रमाण जगभर सुमारें शेंकडा २५ नें वाढलें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२२ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या विकारांची चिकित्सा वैद्यांनीं करावी. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे : पूर्वींच्या साथीनंतर आपल्या लोकांनीं मन कसें सांवरलें, याचीं साधनें कोठें शोधावीं, आणि त्यांवरून आज कांहीं उपयोगाचें हातीं लागतें काय, एवढेंच पाहावयाचें आहे.

त्यासाठीं जें ठिकाण निवडलें आहे त्याचें नांव गेल्या पंधरा-वीस वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार येतें, पण निराळ्या कारणानें. सूरजागड हा डोंगर गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत आहे. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वीं हा सर्व मुलूख चांदा जिल्ह्यांत मोडत असे, व इंग्रजी अमदानींत तो अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारीचा भाग होता. वस्ती मुख्यत्वेंकरून माडिया गोंडांची. डोंगराच्या पोटांत उत्कृष्ट प्रतीचें लोखंडी खनिज आहे, आणि त्याच डोंगरावर ठाकुरदेवाचें स्थान आहे. दरवर्षीं जानेवारीच्या आरंभीं तेथें जत्रा भरते व सूरजागड इलाक्याचीं सुमारें सत्तर गांवें तीस आपली मानतात. या लोकांनीं बखरी लिहिल्या नाहींत. त्यांच्या घरीं मोडीचे रुमाल सांपडावयाचे नाहींत. यामुळें इतिहासाच्या दृष्टीनें हा मुलूख मुका आहे, अशी आपणां पोथीशोधकांची समजूत होऊन बसली आहे. ती कितपत बरोबर आहे याचा निर्णय वाचकांनीं पुढील मजकूर वाचून करावा.

प्रथम मानमोडीविषयीं. इ. स. १९१८, म्हणजे शके १८४०, या वर्षीं जी इन्फ्लुएन्झाची साथ आली तीस आपल्याकडे 'मानमोडी' हें नांव पडलें. जून महिन्यांत ती मुंबई बंदरांत उतरली. सप्टेंबरापासून तिची दुसरी आणि अधिक घातक लाट लोहमार्गांनीं देशभर पसरली. त्याच वर्षीं पावसानेंहि दगा दिला. सबंध हिंदुस्थानांत किती माणसें मेलीं याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत केले गेले आहेत, व ज्या प्रांतांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत भारी होतें त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडाची गणना होते. हल्लींच्या भारताच्या हद्दींतील लोकसंख्या खानेसुमारी सुरू झाल्यापासून घटली ती १९११ ते १९२१ या एकाच दशकांत.

येथें शब्दाविषयीं थोडें विषयांतर क्षम्य मानावें. पटकीस आपल्या भाषेंत 'मोडशी' असें एक जुनें नांव आहे. गोव्यांत राहून गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ त जो ग्रंथ छापिला त्यांत हा रोग जवळजवळ याच नांवानें आला आहे. पुढें पोर्तुगिजांच्या तोंडीं त्याचें 'मोर्देशीं' झालें व फ्रेंचांनीं त्यावरून 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचें मरण, असा अर्थ बसविला. मूळ धातु 'मोडणें' हाच. मोडशी आंतून मोडते, मानमोडी मान मोडते. नांव ठेवतांना लोकांनीं देहाचें वर्णन केलें, यांत नवल नाहीं. पण एकदां नांव पडल्यावर त्याचा उपयोग निराळाच झाला. मानमोडी हें एका वर्षाचें नांव झालें. माझ्या लहानपणीं घरांतील वडीलधारीं माणसें वय सांगतांना शक किंवा सन सांगत नसत. अमका मानमोडीच्या आदल्या वर्षाचा, तमकी मानमोडींत तान्ही होती, असें सांगत. ज्या घरांत त्या आश्विन-कार्तिकांत दोन-तीन मृत्यु झाले, त्या घरानें तो काळ विसरून न जातां कालगणनेचा खुंटा म्हणून रोवला. आपल्या संग्रहीं जे कुलवृत्तान्त असतील त्यांत शके १८४० हा मृत्युशक कितीदां येतो हें एकदां मोजून पाहावें. तो आंकडा सरकारी तक्त्यांत नाहीं अशी माहिती देईल, कारण तेथें मृतांचें नातें दिलेलें असतें.

सरकारी तक्त्यांची स्थिति सूरजागडसारख्या भागांत तर फारच दुबळी होती. गांवचा कोतवाल ठाण्यावर जाऊन तोंडीं वर्दी देई, तीवरून मृत्यूची नोंद होई. जेथें ठाणें दोन-तीन दिवसांच्या पायवाटेवर, मध्यें नद्या, आणि कोतवालच तापानें पडलेला, तेथें नोंद कसली होणार ? १९०९ सालीं प्रसिद्ध झालेलें चांदा जिल्ह्याचें गॅझेटियर जंगल, जमीनदाऱ्या व जातीजमाती यांविषयीं विपुल माहिती देतें, पण तें या साथीच्या पूर्वींचें आहे. नंतर तसें तपशीलवार काम त्या जिल्ह्याविषयीं कित्येक वर्षें झालें नाहीं. पुण्यासारख्या शहरांतहि परिस्थिति फारशी निराळी नाहीं. १८९७ च्या प्लेगांत घरझडत्या झाल्या, लोकांस विलग छावण्यांत नेलें, २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, हें सर्व कागदोपत्रीं आहे. म्हणजे लोकांचा संताप नोंदला गेला. सावित्रीबाई फुले त्याच वर्षीं १० मार्च रोजीं रोग्यांची शुश्रूषा करतांना वारल्या. लोकमान्यांचे ज्येष्ठ पुत्र १९०३ त प्लेगानेंच गेले. घरांत मागें काय झालें, याविषयीं लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'सारखें एखादें पुस्तक बोलतें; बाकी शांतता आहे.

तेव्हां कागद सोडून शास्त्रांकडे वळूं. ज्याचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला त्यानें चरकाचें नांव काढलें नाहीं तर चमत्कारिक दिसेल. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसरा अध्याय 'जनपदोद्ध्वंसनीय' या नांवाचा आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरीं फिरतांना आत्रेय अग्निवेशास सांगतात कीं, भिन्न प्रकृतीचीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें मरतात याचें कारण वायु, उदक, देश व काल हीं चार सर्वांस समान असून तींच बिघडतात. हा भाग वैद्यमंडळींस पाठ आहे. त्यापुढील उपायांची यादी मात्र घाईनें वाचली जाते. शोधन, रसायन, औषधें झाल्यावर तेथें सत्य, भूतदया, दान, शांत वृत्ति, आत्मरक्षण, निरोगी प्रदेशांत राहणें हीं सांगितलीं आहेत. आणि शेवटीं, ज्यांस वृद्धांनीं मानिलें आहे अशा सात्त्विक माणसांच्या सहवासांत नित्य बसणें. साथीच्या औषधांत चारचौघांत बसण्याचा समावेश आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विशेषतः २०२० नंतर, जेव्हां बसणेंच निषिद्ध झालें होतें.

याच ग्रंथांत अन्यत्र दोन वचनें विचारार्ह आहेत. उन्मादाच्या चिकित्सेंत म्हटलें आहे कीं, प्रिय वस्तु नष्ट झाल्यानें ज्याचें मन आघात पावलें त्यास तत्सदृश वस्तूच्या प्राप्तीनें, सांत्वनानें व धीर देऊन शांत करावें. आणि सूत्रस्थानांत मनोदोषांचे उपशामक म्हणून ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृति व समाधि हीं पांच सांगितलीं आहेत. येथील 'स्मृति' म्हणजे मृताची आठवण, असा अर्थ करणें ओढाताणीचें होईल व तसा करूं नये. तथापि या पांचांत विस्मृति सांगितलेली नाहीं, एवढें निश्चित. 'झालें गेलें विसरून जा' असा उपदेश दुखवट्यास आलेलीं माणसें सर्रास करतात. त्यास या पांचांचा आधार नाहीं.

धर्मशास्त्राची व्यवस्था याहून स्पष्ट आहे. साथींत, युद्धांत, प्रवासांत माणूस मेला तर त्याचा निरोप घेण्याचा क्रम मोडतो, हें निबंधकारांस पक्कें ठाऊक होतें. म्हणून कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) घ्या कीं काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा धर्मसिंधु (इ. स. १७९०) घ्या, उशिरां कळलेल्या मृत्यूविषयीं त्यांत बारीक विचार आहे. दहा दिवसांनंतर वार्ता आली तर सपिंडांचें आशौच कमी होत जातें. पण माता किंवा पिता गेल्याची वार्ता पुत्रास केव्हांहि कळो, त्या दिवसापासून त्यानें पुरे दहा दिवस पाळावयाचे. म्हणजे शोकाचा आरंभ मृत्यूच्या तिथीवर नसून कळण्याच्या तिथीवर आहे. मंत्राविना दाह झाला असेल तर अस्थींवर विधि करतात. अस्थिहि नसतील तर पळसाच्या ३६० देंठांची पुरुषाकृति करून तिचा दाह करतात. ज्यांची तिथि अज्ञात त्यांच्यासाठीं भाद्रपदांतील सर्वपित्री अमावास्या आहेच.

२०२१ च्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन आला. त्याचे वडील एप्रिलांत परगांवच्या एका रुग्णालयांत वारले. तो स्वतः त्या वेळीं तापानें दुसरीकडे निजून होता. दाह परक्यांनीं केला व अस्थिहि हातीं आल्या नाहींत. "सर, आतां केलेलें पोंचेल का ?" एवढेंच त्यानें विचारलें. मी याज्ञिक नव्हे. पण निर्णयसिंधु काढून पंक्ति दाखविल्या, अर्थ सांगितला, व पळसाच्या विधीची माहिती असलेल्या एका वृद्ध भिक्षुकाकडे त्यास पाठविलें. विधीनें त्याची झोंप परत आली किंवा कसें, हें मी सांगूं शकत नाहीं. त्यानें सांगितलें नाहीं व मीं विचारलें नाहीं. दसऱ्यास मात्र तो मुलांस घेऊन सोनें द्यावयास आला आणि वडिलांविषयीं तासभर बोलत बसला. एप्रिलापासून तो त्यांचें नांव काढीत नव्हता, असें त्याची पत्नी म्हणाली.

आतां पुन्हां सूरजागडाकडे. नागपूरजवळील जुनापाणीचीं शिलावर्तुळें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. तीं ज्यांचीं, त्यांचें नांवहि उरलें नाहीं. एटापल्ली-भामरागडच्या बाजूस मात्र माडिया लोक मृतांच्या नांवें शिळा किंवा लांकडी खांब आजहि उभे करतात. शेजारच्या बस्तरांतील मारियांविषयीं विल्फ्रिड ग्रिग्सन यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा उभ्या दगडास 'उरसकल' असें नांव दिलेलें आहे. 'कल' म्हणजे दगड, हें द्राविडी भाषा जाणणारांस सांगावयास नको. संशोधकांनीं या शिळांची मापें पुष्कळ घेतलीं. माझें लक्ष त्यांच्या वेळेकडे गेलें. शिळा मृत्यूच्या दिवशींच उभी राहते असें नाहीं. आप्तांस निरोप जावे लागतात, दगड आणावा लागतो, जेवणाची तरतूद करावी लागते. हें सर्व जुळेपर्यंत कधीं दिवस, कधीं महिने, कधीं वर्षेंहि जातात. प्राणहितेच्या पलीकडील आदिलाबादच्या राज गोंडांत तर कुळाच्या देवाचा, म्हणजे पेरसा पेनचा, उत्सव भरतो, तेव्हां मागील उत्सवानंतर कुळांतील जीं माणसें गेलीं त्यांस देवाच्या व पूर्वजांच्या संगतींत नेऊन बसविण्याचा विधि होतो, असें फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या १९४८ च्या ग्रंथांत आहे. म्हणजे एकेका घराचा शोक त्या दिवशीं साऱ्या कुळाचा होतो, व तो एका ठराविक दिवशीं पुरा होतो.

एकीकडे काशींत बसून लिहिणारा मीमांसक, दुसरीकडे अरण्यांतील अक्षरशून्य माडिया. यांनीं एकमेकांपासून कांहीं घेतलें असें सुचविण्याचा हेतु नाहीं, व तसें सुचविणें पोरकटपणाचें होईल. दोघांनीं एकच गोष्ट स्वतंत्रपणें ओळखली होती, एवढेंच माझें म्हणणें : मृत्यूस एक तिथि असते, शोकास दुसरी असूं शकते, आणि ती दुसरी तिथि मागाहून, माणसें जमवून, ठरवितां येते.

या व्यवस्थेचें केवळ गुणगान करणें मात्र अप्रामाणिक होईल. साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन ठेवण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र होती. आपल्या गांवास त्यायोगें धीर येई, यांत शंका नाहीं. पण गाडा शेजारच्या शिवेंत उभा राही व तेथील लोकांची छाती धडधडूं लागे. याहून वाईट म्हणजे, रोगाचें खापर एखाद्या विधवेवर किंवा म्हाताऱ्यावर फोडून त्यास चेटूक करणारा ठरविणें. अशा समजुतीनें अरण्यप्रदेशांत व मैदानांतहि निरपराध माणसें मारलीं गेलीं आहेत. महाराष्ट्रांत याविरुद्ध २०१३ सालीं कायदा करावा लागला. तसेंच, विधि झाला म्हणजे विषण्णतेचा रोग बरा झाला, असेंहि कोणी समजूं नये. ज्यास महिनोन्महिने झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जीव नकोसा वाटतो, त्यानें वैद्याकडेच गेलें पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें 'टेलि-मानस' नांवाची दूरध्वनिसेवा चालू केली असून १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि सल्ला मिळतो. चरकानेंहि शोधन व औषध आधीं सांगितलें, सत्संग नंतर.

कोरोनाची साथ गडचिरोली जिल्ह्यांत उशिरां पोंचली. पुण्यास ९ मार्च २०२० रोजीं पहिले रोगी सांपडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. गडचिरोलींत मात्र मे महिन्याच्या मध्यापर्यंत एकहि रोगी नोंदला गेला नव्हता. परंतु रोगाच्या आधीं भय आलें होतें, आणि तें पायीं आलें. या दोन जिल्ह्यांतील हजारों मजूर दरवर्षीं मिरची तोडण्यासाठीं तेलंगणांत जातात. टाळेबंदी झाली तेव्हां ते तिकडेच अडकले. कित्येक जंगलांतून, नद्या ओलांडून परत निघाले. शेजारच्या विजापूर जिल्ह्यांतील एक बारा वर्षांची मुलगी तेलंगणांतील मिरचीच्या रानांतून अशीच चालत येतांना एप्रिल २०२० मध्यें घराजवळ येऊन वाटेंतच वारली. परत आलेल्यांस गांवाबाहेर, शाळांतून ठेवण्यांत आलें. शव न धुणें, न स्पर्शणें, केवळ तोंड पाहूं देणें, हे केंद्रीय आरोग्य खात्याचे नियम मार्च २०२० मध्यें निघाले. अंत्ययात्रेस वीसच माणसें, असाहि नियम झाला. रोगाच्या दृष्टीनें त्या वेळीं त्यांस सबळ कारण होतें. पण ज्या समाजांत प्रेतास निरोप देण्यासाठीं साऱ्या गोत्याची माणसें जमतात, त्यास वीस हा आंकडा काय वाटला असेल, याची कल्पना करावी. त्याच वर्षीं आषाढीस संतांच्या पादुका मोटारगाडीनें पंढरपुरास गेल्या. आपल्यापैकीं कित्येकांस ती बातमी वाचतांना जें वाटलें, तें सूरजागडच्या माणसांस वाटलेल्याहून फार निराळें नसावें.

याच ठिकाणीं आपणां संशोधकांचें काम लागतें, आणि तें तांतडीचें आहे. सूरजागडच्या डोंगरावरील ३४८ हेक्टर जमीन २००७ सालीं खनिजासाठीं पट्ट्यानें दिली गेली. मध्यंतरीं जाळपोळ होऊन काम थांबलें. २०२१ पासून, म्हणजे साथ चालू असतांनाच, उत्खनन नेटानें सुरू झालें. डोंगर ठाकुरदेवाचा आहे, असें इलाक्यांतील ग्रामसभांचें म्हणणें आहे. लोखंड, रोजगार व जिल्ह्याची सुधारणा यांविषयींचें म्हणणें दुसऱ्या पक्षाचें आहे. त्या वादाचा निकाल या त्रैमासिकांत लागणार नाहीं. पण रस्ते रुंद होत आहेत, अवजड गाड्या दिवसरात्र धांवत आहेत, आणि वाटेकांठचा उभा दगड हा कोणाच्या तरी नांवाचा आहे, हें गाडी हांकणाऱ्यास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. जुन्या पोथीस वाळवी लागली तर आपण हळहळतों. येथें तर संपूर्ण दप्तर उघड्यावर आहे, आणि तें वाचूं शकणारीं वृद्ध माणसें साथीनें व वयानें कमी होत चाललीं आहेत.

काय नोंदावें, तेंहि सांगतों. शिळेचें माप व छायाचित्र हें शेवटचें काम. प्रथम ती कोणाची, कोणीं उभी केली, मृत्यूनंतर किती काळानें, त्या दिवशीं कोण कोण आलें होतें, हें विचारावें. २०२० व २०२१ मध्यें गेलेल्यांच्या शिळा उभ्या झाल्या किंवा राहून गेल्या, हें विशेषेंकरून विचारावें. राहून गेल्या असल्यास कारण विचारावें, पण एकदांच. मानमोडीस त्या भाषेंत काय म्हणत, कोणा आजोबांच्या तोंडीं ती आली होती काय, याचीहि चौकशी व्हावी. गांवच्या पेरम्याची व ग्रामसभेची अनुमति घेतल्यावांचून दगडास हात लावूं नये. हा नियम आपण मठांतील पोथ्यांविषयीं पाळतोंच. आणि हें सर्व करीत असतां आपल्या घरचीं त्या दोन वर्षांचीं पत्रें, परवान्याचे कागद, रुग्णालयाच्या पावत्या, दूरध्वनींतील निरोप, हीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. निरोप कागदावर उतरून त्याखालीं दिनांक घालावा. यंत्रांतील लेख फार काळ टिकत नाहींत.

माडिया भाषा जाणणारा सोबती असल्याखेरीज यांतील कांहींहि साधणार नाहीं. एटापल्ली व भामरागड तालुक्यांतील शाळांतून शिकविणारे तरुण माडिया शिक्षक आतां मिळूं शकतात. त्यांसच हें काम सोंपवावें व आपण कागद, शाई आणि प्रवासखर्च पुरवावा, हें बरें. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत ठाकुरदेवाच्या जत्रेस सत्तर गांवचे लोक एके ठिकाणीं भेटतात. आरंभ तेथून करावा. थंडी पुष्कळ असते, पांघरूण न्यावें.